पोरीनं आपला विषय निवडला

माहं शिक्षण म्हंजे शाळेच्या भिंतीले टेकून बिड्या ओढल्या तेवढंच. महाराष्ट्र नवा नवा झालता, तवा पोरगी यवतमाळच्या कॉलेजातून सांगत आली, "बाबा, सरानं सांगतलं, ज्यानं त्यानं आपल्या मनानं विषय निवडा."

मले घामच फुटला. कीर्तनात बुवा सांगे, विषय म्हंजे पाप, त्याच्या नादी लागाल त नरकात जाल. अन् हा मास्तर पोरीबाळींले तेच निवडायले लावते!

पोरीले घेऊन आमच्या मुकुटबनहून एश्टी धरली. हातात काठी. मास्तर पोरसवदाच निघाला. मी ओरडलो, "कोनता विषय शिकवून राह्यला बे माह्या पोरीले?"

पहिले तो घाबरला, मंग हसता हसता खुर्चीत वाकला. "काका, विषय म्हणजे कशावर लिहायचं ते! स्वतः शोध घेऊन निबंध लिहायचाय. तुमच्या मुलीनं निवडलंय, विहिरीवरची बायकांची भांडणं."

काठी मी हळूच टेबलाखाली सरकवली.

तेवढ्यात कॉलेजचे मोठे साहेब आले. "भांडण हा काय विषय आहे? मी देईन त्यावरच लिहायचं. नाहीतर निबंध घेणार नाही."

पोरगी उभी राह्यली. "नका घेऊ. पन लिहीन त हेच."

मलेही चेव आला. "साहेब, हा विषय नाई? लगन झाल्यापासून मी हाच शिकून राह्यलो, अजून नापास हावो!"

साहेब ओठातच हसले अन् म्हन्ले, "लिही. पण शब्दन् शब्द कानानं ऐकलेला पाहिजे. एक जरी मनचा निघाला, तर फाडून टाकीन."

झालं! गावात येऊन पोरगी कागद-पेन्सिल घेऊन विहिरीवर बसली, त साऱ्या बाया देवी झाल्या. "पहिले तू भर वं बाई." "नाई वं, तूच भर."

संध्याकायी पोरगी रडकुंडीले आली. "बाबा, परवा निबंध द्याचा हाय. साहेबाचंच खरं होते."

"कसं होते? मी मेलो काय?"

सकायी पोरीसंगं विहिरीवर गेलो. बायको अन् शेजारीन, दोघी पानी भरत होत्या. मोठ्यानं म्हन्लं, "वयनी, काल तुमच्या हातची वांग्याची भाजी खाल्ली. आमच्या घरी त नुसतं पानी शिजते!"

बायकोनं बादली खाली ठेवली. "कवा चारली वं तू याले?"

"मी कायले चारू या मुडद्याले? तुह्या नवऱ्याले तूच सांभाळ!"

दोघी भिडल्या. मंग दोघी मिळून माह्यावर आल्या, शिव्या देत माह्या आजोबापर्यंत पोचल्या. ओली बादली पाठीत बसली, मी चिखलात. पोरगी पेन्सिल थांबवून माह्याकडं पाहून राह्यली.

"पाह्यते काय?" मी खालूनच ओरडलो. "लिही! एक शब्द सुटला नाई पाह्यजे!"