न आणलेल्या मुळ्या

अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरपुढे बसून मी मुलीच्या मोबाइलवर गेम खेळायचे. त्यातली एक म्हातारी मला जंगलातून औषधी मुळ्या आणायला पाठवायची. सकाळपासून घरच्यांचं ‘हे आण, ते दे’ ऐकून जीव विटलेला, त्यात हिची भर!

“आई, कायले जंगल फिरून राहिली? या भिंतीवरून उडी मार, थेट पुढच्या गावात जाशीन,” मुलगी म्हणाली.

मारली उडी. पुढच्या गावात तीच म्हातारी उभी. गेमला वाटलं, मी काम उरकूनच आले. म्हातारी हात जोडून म्हणाली, “माझ्यासाठी फार राबलीस, पोरी.”

मी एकही मुळी आणली नव्हती. आणि इतक्या वर्षांत सासरी मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी बटण दाबून तिला पुन्हा तेच म्हणायला लावलं.