तीन-एकवर अडलेली हॉकी

नांदेडात माझा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे. शून्यातून उभा केला, आणि भावात मला अजून कुणी गुंडाळलेलं नाही. फसलो तो एकदाच, शाळेत असताना, लातूरला मावशीच्या घरी, टीव्हीवरच्या हॉकीत.

व्हिडिओ गेम, बर्फावरच्या हॉकीचा. बर्फ आम्ही रसवंतीत पाहिलेला तेवढाच. पिवळी कॅसेट फुंकून मशीनच्या खाचेत बसवायची आणि उन्हाळाभर पांढऱ्या मैदानावर घसरत राहायचं. मावसभाऊ सगळे काडीपैलवान निवडून पळवायचा. मी चारही जाडे घ्यायचो आणि त्याची माणसं आडवी करायचो.

सुट्टीभर तोच जिंकला. निघायच्या दिवशी मात्र मी तीन-एकनं पुढे होतो आणि टीव्ही बंद पडला.

"लाइट गेली. मॅच बाद," तो म्हणाला. तसा नियमच होता आमचा.

"पंखा फिरून राहिला की!"

"आत्ताच आली."

बटणांचा बोर्ड दारापाशी, बरोबर त्याच्या पाठीमागं. मी त्याची गचांडी धरली. मावशीनं सोडवलं. तेव्हापासून त्याच्या लग्नात, बारशात, प्रत्येक वेळी मी त्याला चोर म्हणत आलोय.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकासाठी लातूरला गेलो. भावानं माळ्यावरून मशीन काढलं. चालू होतं.

"तीन-एकपासून सुरू," मी म्हणालो.

"येडा झाला का? शून्य-शून्य."

"मग तीन-दोन."

"न्हाई."

घासाघीस करून एक-शून्यवर सौदा ठरला. जाडे तसेच होते, माझी बोटं मात्र जड झालेली. तरी एक गोल घातला. दोन-शून्य. आणि टीव्ही बंद.

मी उठलोच. भाऊ माझ्या शेजारी बसलेला, दोन्ही हात जॉयस्टिकवर. दारात मावशी उभी, बोट बटणावर.

"हाका मारून घसा बसला. भाकरी गार होऊन राहिली. लहानपणीबी असंच बंद करावं लागायचं तुम्हाला."

भाऊ माझ्याकडं बघत राहिला. एवढ्या वर्षांचा राग हातात, आणि काढावा कुणावर? मावशीवर आवाज चढवायची माझी टाप नाही.

पानावर बसलो.

"आता माफी माग," भाऊ म्हणाला.

"आधी मॅच. जेवून दोन-शून्यपासून."

"लाइट गेली, मॅच बाद."

"दोन-शून्य. न्हाईतर मी जेवत न्हाई."

मावशीनं माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली.