खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची

डॉ. शैलजा रत्नपारखी मॅडम यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. निवृत्तीच्या गौरवग्रंथात असं लिहायचं नसतं, पण खरं तेच आहे. मी लासूर स्टेशनचा, शेतकऱ्याच्या घरातला, कॉलेजच्या संगणक केंद्रात तंत्रसहायक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. पहिल्याच दिवशी मला दिलेल्या पासवर्डनं संगणक उघडेना. दोन-चारदा खटपट केली, डोकं फिरलं, आणि तरातरा जाऊन मी केंद्रप्रमुखांच्या खोलीत शिरलो. माणसं बसलेली असतानाच म्हणालो, "माझा पासवर्ड चालंना. हा घ्या," आणि मोठ्यानं सांगायला लागलो. मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"गायके, गप्प बसा," त्या म्हणाल्या. "अर्ध्या खोलीनं ऐकला. आता तो गेला. नवा करा." त्यांनी नवा पासवर्ड टाकायचं पान उघडलं, कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि आपली फिरती खुर्ची गर्रकन खिडकीकडे वळवली. मी त्यांच्या पाठीला म्हणालो, "अहो मॅडम, माझ्याकडं चोरण्यासारखं हाय तरी काय?" खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत त्या म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा. मला बघायचं नाही." मला त्यांचा भयंकर राग आला होता.

नंतर कळलं, ही त्यांची रोजचीच रीत आहे. समोरचा माणूस पासवर्ड टाइप करत असला की मॅडमच्या खुर्चीचं तोंड खिडकीकडे. समोर प्राचार्य असोत, झाडलोट करणाऱ्या मावशी असोत, नाहीतर पहिल्या वर्षाचा घाबरलेला पोरगा असो. दारावरचे आमचे रफिकभाई आलेल्यांना थांबवायचे, "मॅडम खिडकी देख रै, मतलब अंदर किसीका पासवर्ड चालू है. जरा ठैर के जाओ." एकदा स्वतः प्राचार्यांना त्यांनी असं बाहेर उभं केलं होतं.

आता मुद्द्याचं. या ग्रंथाचे संपादक माझे मित्रच आहेत. त्यांनी फोन करून सांगितलं, "दत्ता, मनापासून लिही, पण त्या वाय-फायच्या प्रकरणात शिरू नको. समारंभाला संस्थेचे सचिव अध्यक्ष आहेत." त्यांची अडचण मला समजते, पण मी शिरणार आहे. ते प्रकरण वगळलं तर मॅडमबद्दल जे उरतं, ते कुठल्याही चांगल्या प्राध्यापिकेबद्दल लिहिता येईल. लेख छापायचा नसेल तर परत पाठवा, मी समारंभात माईकवर वाचेन.

झालं असं. कॉलेजात आणि मुलींच्या वसतिगृहात नवं वाय-फाय बसवलं. आमच्याकडे लॉगिनचा एक सर्व्हर आहे. कुणी नाव आणि पासवर्ड टाकला की तो सर्व्हर डिरेक्टरीला विचारतो. डिरेक्टरी म्हणजे कॉलेजातल्या प्रत्येकाची ओळख जिथं नोंदलेली आहे ते ठिकाण. तिनं हो म्हटलं की आत, नाही म्हटलं की बाहेर. नवं वाय-फाय सुरू झालं आणि त्यावरून येणाऱ्या सगळ्यांनाच डिरेक्टरी नाही म्हणायला लागली. फोनवर एकच ओळ यायची, पासवर्ड चुकीचा आहे. आणि परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरायचे दिवस होते.

केंद्रात रांग लागली. आम्ही तंत्रसहायक ज्याला त्याला तेच ऐकवत होतो, नीट आठवा, कॅपिटल अक्षर बघा, चुकलं असेल. पाचोडची एक मुलगी मात्र हटून बसली. "सर, चुकला नाय. याच पासवर्डानं मी आत्ता लायब्ररीतलं मशीन उघडून आले." तिला कटवायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम आतून बाहेर आल्या. "ती म्हणतेय बरोबर आहे, तर तो बरोबर आहे असं धरून चाला," त्या म्हणाल्या. "माणूस खोटं बोलतोय इथून सुरुवात केली तर यंत्रातली चूक कधीच सापडत नाही."

मॅडमनी त्या मुलीचा पासवर्ड मागितला नाही. चाचणीसाठी एक खोटं खातं उघडलं, सर्व्हरला बारीकसारीक सगळं बोलून दाखवायला लावलं आणि पडद्यावर ओळींचा धबधबा सुरू झाला. आम्ही सगळे शेवटच्या ओळीकडे बघत होतो, तिथं 'नाकारले' असं होतं. मॅडम म्हणाल्या, "शेवटची ओळ म्हणजे निकाल. कारण वर असतं. पहिल्यापासून वाचा." स्वतः बोट ठेवून वाचत गेल्या. लायब्ररीतल्या मशीनवरून तेच खातं आत जात होतं, वाय-फायवरून अडत होतं. नाव सापडत होतं, पासवर्डही बरोबर होता. सर्व्हरला तो ताडून बघताच येत नव्हता.

हे मला त्यांनी ज्या शब्दांत समजावलं, त्याच शब्दांत सांगतो. डिरेक्टरी तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, दळून पीठ करून ठेवते. पिठाची ज्वारी परत होत नाही. तुम्ही पासवर्ड टाकला की तोही तसाच दळायचा आणि पिठाशी पीठ जुळवायचं. लायब्ररीतलं मशीन ज्वारी पाठवत होतं, म्हणून जुळत होतं. नवं वाय-फाय पासवर्ड पाठवतच नव्हतं. ते दुसऱ्याच चक्कीवर दळून आणलेलं पीठ दाखवत होतं आणि आमच्या पिठाशी ते जुळणं शक्य नव्हतं. बिचारा सर्व्हर 'पासवर्ड चुकीचा' म्हणत होता, कारण त्याच्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं.

उपाय दोन होते. पहिला कष्टाचा. प्रत्येकाच्या फोनमध्ये सेटिंगची थोडी मांडणी बदलायची, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यात आधी बंद नळी तयार होते, पासवर्ड त्या नळीतून जातो आणि आपल्याच चक्कीवर दळला जातो. दुसरा उपाय पुण्याहून आलेल्या सल्लागारानं सुचवला. सगळ्यांकडून पासवर्ड एकदा नव्यानं मागून घ्या आणि डिरेक्टरीत उघडे ठेवा, दळूच नका. कुणाच्या फोनला हात लावायला नको, सगळं आपोआप चालेल.

सचिवांना दुसरा उपाय एकदम पसंत पडला, आणि त्याला कारण होतं. काही दिवसांपूर्वी वसतिगृहातल्या जेवणाबद्दल आणि रेक्टरच्या वागण्याबद्दल निनावी तक्रारीचा मेल वरपर्यंत गेला होता. तो कुणी लिहिला, हे सचिवांना हवं होतं. कॉलेजचा मेल आणि वाय-फाय यांचा पासवर्ड एकच. पासवर्ड उघडे झाले की वसतिगृहातल्या कुठल्याही मुलीची मेलची पेटी उघडता आली असती. बैठकीत हे कुणी बोललं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मीही त्या बैठकीत मागच्या खुर्चीवर होतो.

सचिव हसत म्हणाले, "मॅडम, एवढं काय त्यात? कॉलेज आपलं, नेट आपलं, पोरं आपली. मग पासवर्ड तेवढा परका कसा?"

मॅडम हसल्या नाहीत. "पोरं त्यांच्या आईबापांची आहेत, सर. आणि पासवर्ड तर आईबापांचाही नाही. ज्याचा त्याचा आहे."

"म्हणजे तुम्ही करणार नाही?"

"नाही. मला येतं, अवघड काही नाही. पण मी करणार नाही. मला काढून दुसऱ्याला बसवा, तुमचा अधिकार आहे. पण बसणाऱ्याला तो काय करतोय हे मी आधी समजावून सांगेन. मग त्यालाही झोप लागणार नाही." एवढं बोलून त्या पाणी प्यायल्या. प्राचार्यांनी मध्ये पडून कशीबशी सोमवारपर्यंतची मुदत मिळवली. तोवर वाय-फाय चाललं नाही, तर सल्लागाराचा उपाय.

बाहेर पडताना सचिवांनी मला बाजूला घेतलं. "गायके, तुमचं कंत्राट उन्हाळ्यात संपतंय ना?" मी म्हणालो, व्हय, संपतंय. "मग बघा जरा. बाईंच्या नादी लागून नुकसान करून घेऊ नका." मी म्हणालो, "मग संपू द्या, सर." हे शौर्य माझं नव्हतं. मॅडमचं बोलणं नुकतंच कानात होतं, त्या जोरावर मी बोललो. पण बोललो, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

मग व्हरांड्यात टेबलं लागली. मॅडम एका टेबलावर, मी दुसऱ्यावर, आणि ज्यांचे फोन झाले ती पोरं पुढच्यांचे करून देताहेत. गंगापूरची, लासूरची, पैठणकडची, शहरातली, सगळी. प्रत्येक घोळक्याला मॅडम आधी पीठ आणि ज्वारी समजावत होत्या. कुणी सांगितलं होतं का इतकं समजावायला? मला तर वाटलं, बाई वेळ घालवताहेत. "मॅडम, नुसती मांडणी बदलून देऊ, लवकर उरकंल," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "मांडणी तर बदलूच. पण उद्या कुणी यांच्याकडं पासवर्ड मागितला तर का मागतोस म्हणून विचारायला हवं ना यांनी." त्या दिवशी त्यांच्या घराच्या नळाला पाणी यायची पाळी होती. ती हुकली, म्हणजे पुढे कितीतरी दिवस टँकर. त्या उठल्या नाहीत.

सोमवारी वाय-फाय सगळ्यांच्या फोनवर चालत होतं. सचिवांचं निमित्त संपलं.

मॅडमना त्याची शिक्षा झाली. सत्र संपताच केंद्राचा कारभार काढून घेतला आणि त्यांना वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या खोलीत पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घ्यायला बसवलं. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय होतं, ते आपल्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. मॅडमनी कुणाकडे रडगाणं गायलं नाही. तिथंही पोरांना शिकवलं, तिथंही खुर्ची भिंतीकडे वळवली, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना पासवर्ड उघडे करता आले नाहीत. जुनं पीठ उघडेना, आणि नवे पासवर्ड मागावेत तर व्हरांड्यातून शिकून गेलेली पोरं विचारणार, वाय-फाय तर चालू आहे, मग मागताय कशाला? माझं कंत्राट मात्र वाढवलं गेलं. सर्व्हर दुसऱ्या कुणाला सांभाळता येत नव्हता, यापलीकडे त्यात माझं कौतुक नाही.

त्याच पत्र्याच्या काळात माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. बायको बाळंतपणाला माहेरी, मी ड्यूटीवर. मॅडम रोज दुपारी आमच्या भाड्याच्या खोलीवर येऊन आईच्या डोळ्यांत थेंब टाकून जायच्या. मी त्यांना सांगितलंही नव्हतं, रफिकभाईंकडून कळलं म्हणून आल्या. आईनं एकदा विचारलं, "बाई, तुमी कालेजात काय करता वं?" मॅडम म्हणाल्या, "कुलपं सांभाळते." आई म्हणाली, "आन किल्ल्या?" मॅडम म्हणाल्या, "किल्ल्या ज्याच्या त्याच्याजवळ." संध्याकाळी आईनं मला निकाल सांगितला, "लई गुणाची बाई हाय. पर थेंब टाकताना हलले तर लई रागावती."

ती तक्रार कुणी लिहिली होती? मॅडमना आजही माहीत नाही, मलाही नाही. पाचोडची ती मुलगी असेल, नसेल. त्या वर्षीच्या सगळ्या मुली शिकून बाहेर पडल्या, नोकऱ्यांना लागल्या, संसाराला लागल्या. त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नाही की आपली पत्रं कुणी वाचू नयेत म्हणून एक बाई पत्र्याखाली बसल्या होत्या. ते त्यांना कळावं म्हणून मी हे लिहितोय. मॅडमना हे आवडणार नाही. न आवडो, पण कळू दे.

पुढे प्राचार्य बदलले आणि मॅडम सन्मानानं केंद्रात परतल्या. आता साठी पूर्ण करून त्या निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेचा कारभार माझ्याकडे आला आहे, आणि गेल्याच आठवड्यात माझ्यासमोर एक जुनीच मागणी नव्या कपड्यांत येऊन उभी राहिली. नवी यंत्रणा घेताय, तर त्यात 'गरज पडल्यास' पासवर्ड वाचता येतील अशी सोय करून घ्या. मॅडम चालल्या, आता गायके काय, ऐकेल, असा हिशोब असावा.

सन्माननीय सचिव साहेब, आपण समारंभाचे अध्यक्ष आहात, म्हणून इथंच उत्तर देतो. मला येतं, अवघड काही नाही, पण मी करणार नाही. त्या डिरेक्टरीत आपलाही पासवर्ड आहे, सर. तोही दळलेलाच आहे, आणि मी या खुर्चीत आहे तोवर तो कुणी वाचणार नाही. तेवढं मॅडमनी आपल्यासाठीही करून ठेवलं आहे.

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि नळाच्या पाळीला घरी थांबायची सवड आता तरी मिळो. निवृत्तीनंतर कधी केंद्रात आलात आणि लॉगिन झालं नाही, तर संकोच करू नका. रफिकभाई चहा सांगतील. तुम्ही खुर्ची ओढून बसा आणि सावकाश टाइप करा. मी खिडकीकडे बघत असेन.