तिसऱ्या लेपाचा दिवस

२ ऑगस्ट २०१५, रविवार. सकाळी साडेसातला चर्चमध्ये मिस्सा. वारा अजिबात नाही. मिस्सा सुटल्यावर फोंगताईच्या दुकानी तिसऱ्या लेपासाठी गेले. तिने परत पाठवले. दिवस चुकला म्हणाली. चूक माझीच.

एवढं लिहून उन वहिनींनी पेन खाली ठेवलं. नन्सच्या शाळेत अकराव्या वर्षी लागलेली रोजनिशीची सवय अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सुटली नव्हती. तारखेच्या बाबतीत साऱ्या गल्लीने त्यांना विचारावं, अशी त्यांची ख्याती होती. म्हणून तर शेवटचे दोन शब्द लिहिताना हात अडखळला.

नवरा गेल्यानंतरचे सात हिवाळे त्यांनी खुर्चीत बसून काढले होते. थंडी पडली की छातीत शिट्टी वाजायची, आडवं झालं की श्वास अडायचा. गेल्या उन्हाळ्यात फोंगताईने त्यांना रस्त्यावरून जवळजवळ ओढूनच आपल्या जडीबुटीच्या दुकानात नेलं होतं.

"हिवाळ्याचा खोकला हिवाळ्यात धरायला गेलात तर हाती लागत नाही, वहिनी. उन्हाळ्यात तो हाडांत झोपलेला असतो. तेव्हाच पकडायचा."

पांढरी मोहरी आणि दोन-तीन मुळ्या कुटून, आल्याच्या रसात कालवून, पाठीवर सहा ठिकाणी लेप. चिनी पंचांगात जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळ्याचे तीन कडक टप्पे येतात, प्रत्येकाच्या पहिल्या दिवशी एक लेप. गेल्या वर्षी ते टप्पे दहा-दहा दिवसांनी आले आणि त्या डिसेंबरात वहिनी पलंगावर आडव्या झोपल्या. यंदाही त्यांनी वहीत दहा आणि दहा मोजले, आणि त्या हिशेबाने मुलाने टोरांटोहून पाठवलेलं विमानाचं तिकीट पक्कं केलं.

"यंदा मधला टप्पा वीस दिवसांचा आहे," फोंगताईने सकाळी भिंतीवरचं पंचांग दाखवलं होतं. "तिसरा लेप बाराला."

"बाराला मी टोरांटोत असेन. नऊ तारखेचं विमान आहे."

"मग विमान चुकलंय. पंचांग नाही."

कंबरेला तेल चोळून घ्यायला स्टुलावर उघड्या पाठीने बसलेले म्हातारे लेऊंग हसले. "उन वहिनींच्या वहीत चूक? आता वादळ येणार बघा."

"आजच लावून टाक ना," वहिनी म्हणाल्या. "दहा दिवसांनी काय बिघडतं?"

"बाराला कातडीची दारं उघडतात. आज लावला तर मोहरी बाहेरच बसून राहील. मग हिवाळ्यात तुम्ही मला शिव्या द्याल, त्याही इंग्रजीत. मला कळायच्यासुद्धा नाहीत."

ही फोंगताई शाळेत कधी गेली नाही. लहानपणी ती फटाक्यांच्या कारखान्यात वाती वळायची. लग्न होऊन या दुकानात आली, आणि सासरे डोळ्यांनी अधू झाल्यावर त्यांच्यासाठी मुळ्या हुंगून सांगता सांगता स्वतःच शिकली. नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला, तरी सासऱ्यांना तिने शेवटपर्यंत जेवू घातलं. वसंतात ती गल्लीला कडू काढा पाजते, शरदात नासपती उकडून देते, आणि ऐन उन्हाळ्यात कुणाच्या हातात बर्फाचं सरबत दिसलं तर सरळ ओढून घेते. आल्याच्या रसाने तिच्या बोटांची सालं निघालेली असतात. त्या बोटांनी ती लेप असा हलका टेकवते, जसा तान्ह्या बाळाच्या पाठीला हात लावावा.

संध्याकाळी वहिनींनी मुलाला फोन केला.

"व्हिसेंट, तिकीट पंधराचं कर. मी तारीख चुकले."

"तू? तारीख? आई, बाबा जन्मभर हॉस्पिटलात औषधं देत होते, आणि तू मोहरीसाठी विमान सोडतेस?"

"तुझ्या बाबांच्या औषधांनी मला जगवलं. दम्याचा फवारा अजून पिशवीत असतो माझ्या. पण मोहरीने मला आडवं झोपवलं. यंदाचा हिवाळा मला तुझ्याकडे काढायचाय. पाहुण्यांच्या खोलीत खुर्चीत बसून नाही काढायचा."

तो म्हणाला, "गेल्या वर्षी फोनवर तुझी शिट्टी ऐकू आली नव्हती. मला वाटलं, फोन सुधारला." आणि म्हणाला, "करतो पंधराचं."

बाराला पहाटे सहालाच फोंगताईने दार उघडलं. तिला वाटलं होतं, वहिनी येणार नाहीत. त्या दारात दिसताच तिने स्टूल पुढे सरकवलं. लेप बसले, अर्ध्या तासात पाठ चुणचुणू लागली, मग चांगलीच पेटली.

"सोसवतंय का?"

"सोसवतंय."

"सोसवलं नाही तर सांगा. शाळेतल्या नन्सना सोसून दाखवायचं नाहीये."

वहिनींना हसू आलं. जाताना त्यांनी फोंगताईचे सोललेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. परत पाठवलंस म्हणून उपकार झाले, असं त्या म्हणाल्या.

"घरी जा," फोंगताई म्हणाली. "पंख्याखाली बसू नका. दहा वाजता लेप काढा."

त्या संध्याकाळी वहिनींनी लिहिलं: तिसरा लेप झाला. फोड नाही. पांढरा सदरा पाठीवर पिवळा पडला. दोनदा साबण लावला, डाग निघाला नाही. फरशी पुसायला काढला.