कॉलरच्या आतलं गाव

मी पदवीधर झालो तो कदम सरांमुळे. बिडकीनजवळच्या आमच्या वस्तीवर शाळा सुटल्यानंतरही ते मला ओट्यावर बसवून शिकवायचे.

आता मी शहरात नोकरी करतो. इथल्या उस्मानपुऱ्यात जर्सीवर नावं छापणारे एक चाचा आहेत. एखादा फुटबॉलपटू एका देशात जन्मून दुसऱ्याच देशाकडून खेळलेला असला, की ते पाठीवर त्याचं नाव छापतात आणि कॉलरच्या आत बारीक अक्षरांत जन्मगाव. मग त्यावर तीनदा फुंकर मारतात.

“चाचा, जर्सी देताय का जन्माचा दाखला?” एका गिऱ्हाइकानं टोमणा मारला.

“पाठीवरचं लोकांसाठी, मियाँ. मानेजवळचं त्याच्यासाठी,” मान वर न करता ते म्हणाले.

कंपनीच्या फुटबॉल संघासाठीची माझी जर्सी मी त्यांच्याकडे छापायला दिली. कंपनीत मी स्वतःला शहरातलाच म्हणवतो. चाचांनाही नाव सांगितलं नाही, फक्त सात नंबर टाकायला सांगितला. घरी कॉलर उलटली, तर आत आमच्या वस्तीचं नाव होतं. नकाशातसुद्धा नसलेलं.

मी धावत परत गेलो. “हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

चाचांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. “तूच की. कवाचा कॉलर झाकून उभा व्हता.”

दोन दिवसांनी सरांना पत्र टाकलं:

“सर, साष्टांग नमस्कार. इथं मी आपली वस्ती लपवली, तुमचं नावही कधी घेतलं नाही. ती अक्षरं दोनदा धुतली, तरी मानेला गरम लागतात. रविवारी सामना आहे. तुम्ही या. तुम्ही माझे कोण, ते मीच सगळ्यांना सांगेन.”