गळ्याशी राहिलेला माईक

सकाळी साडेआठला आमच्या घरात सगळ्यांना सगळं एकदम हवं असतं. ह्यांना डबा, धाकट्या लेकीला इस्त्रीचा शर्ट, आणि मला, दोन मिनिटं कोणी हाक मारू नये एवढंच. मी शेंगा निवडत होते तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थापा कोण मारतंय, असं पुटपुटत दार उघडलं तर काजमावशी. बेलचं बटण त्यांना सापडलं नव्हतं, पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक?

काजमावशींना सगळा रस्ता ह्याच नावानं ओळखतो. कोपऱ्यावर सूट शिवायचं दुकान आहे, तिथे त्या एकोणीस वर्षं हातानं बटणांची काजं करतात. "मशीन नुसतं भोक पाडतं, काज मावशी करते," असं दुकानाचे मालक, मास्तर, गिऱ्हाइकाला अभिमानानं ऐकवतात. मावशींच्या घरी थोरली बहीण आहे, अर्धं अंग गेलेली. दोघींचं सगळं मावशींच्या सुईवर.

आमची धाकटी कॉलेजात चित्रीकरण आणि संकलन शिकते. शेवटच्या वर्षाला दहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता, तिनं मावशींना निवडलं. चार दिवस कॅमेरा घेऊन दुकानात ठाण मांडलं. संमतीपत्रावरची सही मावशींनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर केली, रेघेच्या बोटभर वर. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली आणि वर चेष्टाही केली, "काजं एवढी सरळ आणि सही अशी पळालेली कशी हो?" त्या हसल्या. भाजीतली अळी माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि हे सुटलं.

"वहिनी, पोरगी आहे का घरात?"

धाकटी आतून धावतच आली. काल संध्याकाळी तिनं फिल्म मावशींच्या मोबाइलवर पाठवली होती, कौतुकाला अगदी आसुसलेली.

"मावशी, पाहिलीत? आवडली?"

"थोरलीनं पाहिली. मी ऐकली," मावशी म्हणाल्या. "छान केलीस ग. पण शेवटी शेवटी मी जे बोलते, ते तू आणलंस कुठून?"

धाकटीचा चेहरा अजून हसराच होता. तिनं उत्साहानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी मुलाखत संपली, कॅमेरा बंद केला, पण मावशींच्या गळ्याशी लावलेला बिनतारी माईक काढायचा राहून गेला. मावशी मागच्या खोलीत दुकानातल्या इस्त्रीवालीशी बोलत बसल्या, आणि ते सगळं बाहेर ठेवलेल्या यंत्रात उतरलं. कॉलेजात ऐकताना हिला वाटलं, आपल्याला घबाडच मिळालं. तिनं ते बोलणं मावशींच्या बोटांच्या दृश्यांवर चढवलं.

मी म्हटलं, "लाव बघू."

पडद्यावर काळ्या कोटाची कड, नखानं माप घेणारा अंगठा, आणि मावशींचा हलका आवाज. "डावा डोळा गेल्यातच जमा आहे ग. उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेलं परत येत नाही. तू सकाळी बारा सुया ओवून ठेवतेस म्हणून माझा दिवस निघतो. मास्तरांना कळलं तर मला घरी बसवतील, आणि तुलाही काढतील."

डबा बंद करता करता ह्यांचा हात थांबला.

"मला वाटलं, दुकानात सगळ्यांना माहीत असेल," धाकटी म्हणाली.

"सगळ्यांना माहीत असतं तर मी मागच्या खोलीत जाऊन कशाला बोलले असते, पोरी?"

दुपारी तीन वाजता कॉलेजच्या सभागृहात फिल्म दाखवणार होते. मास्तर दुकान बंद करून येणार होते. आपल्या दुकानावर फिल्म निघाली म्हणून त्यांनी स्वतःसाठी नवीन कोट शिवला होता. त्याची काजं मावशींनीच केली होती, परवा.

धाकटीनं कॉलेजातल्या सरांना फोन लावला, आम्हाला ऐकू येईल असा.

"तो तुकडा काढायचाय? अगं, त्या सव्वा मिनिटावरच तर परीक्षक खूश आहेत," सर म्हणाले. "संमतीपत्र आहे ना?"

"आहे सर. पण माईक चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं."

पलीकडून की-बोर्डवर बोटं चालल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे तू काल बोलायचं होतंस. सकाळी सातला फिल्म इंटरनेटवर कॉलेजच्या पानावर गेली. साडेतीनशे लोकांनी पाहिलीय. मी आत्ता उतरवायला सांगतो, दुपारीही दाखवू नका म्हणतो. पण ज्यांनी पाहिली त्यांचं काय करू?"

फोन ठेवला तेव्हा धाकटी रडायला लागली होती.

"तू नको रडू," मावशी म्हणाल्या. "डोळ्यांचं वाटोळं एकीचं झालंय तेवढं पुरे."

हसू येण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. मी चहा ठेवला. मावशींनी कप हातात घेतला नाही. टेबलक्लॉथच्या कडेवरून त्यांचा अंगठा सरकत होता, नखाएवढं अंतर सोडून, पुन्हा नखाएवढं.

"नाटक होतं म्हणून सांगायचं का?" मी विचारलं. "फिल्मसाठी तसं बोलायला लावलं म्हणून?"

मावशींनी खरोखरच विचार केला. ओठ हलवून दोन वाक्यं मनाशी म्हणूनही पाहिली. मग मान हलवली.

"मास्तर एकोणीस वर्षं माझा आवाज ऐकताहेत. पहिल्या शब्दाला ओळखतील. दहाला दुकान उघडतं. पहिलं गिऱ्हाईकच मोबाइल पुढे धरून म्हणेल, बघा, तुमची मावशी." त्यांनी टेबलक्लॉथची कड मुठीत धरली. "वहिनी, यात काय बिघडलंय ते थोरलीला अजून उमगलेलं नाही. ती म्हणते, किती छान दिसतेस ग. तिला भरवायचं, उठवायचं, औषधं आणायची, हे सगळं मी कशावर करू? दुसरं मला काय येतं? सोळाव्या वर्षापासून काजंच करतेय."

"मी बोलते मास्तरांशी. ते ऐकतात माझं."

"काय बोलणार? आंधळीला ठेवा म्हणून?"

संमतीपत्राची प्रत अजून फ्रीजवर चुंबकाखाली होती, माझी ठसठशीत सही खाली.

घड्याळात साडेनऊ झाले. मावशी टेबलाला धरून उठल्या. उठल्यावर खुर्ची आत सरकवली, ती सुद्धा चाचपून.

"मीच सांगते त्यांना, दुकान उघडायच्या आत. इस्त्रीवालीला यातलं काही ठाऊक नव्हतं, सुया माझ्या मीच ओवत होते, असं म्हणेन. फिल्ममध्ये वेगळं आहे, पण असं म्हणून बघते. ठेवतील असं वाटत नाही."

धाकटी म्हणाली, "मावशी, मी काय करू? काहीही सांगा."

"तू कॉलेजला जा." मग त्या माझ्याकडे वळल्या. नीट माझ्याकडे नाही, जरा बाजूला, जिथून माझा आवाज शेवटचा आला होता तिथे. "वहिनी, डावीकडून येणाऱ्या गाड्या मला दिसत नाहीत. रोज इस्त्रीवाली चौकात थांबते, पण आज मी तिला थांबू नको म्हणून सांगितलंय, आम्ही दोघी एकत्र दिसायला नको. दुकानापर्यंत माझ्या डाव्या बाजूनं चालाल का?"