तीन सारख्या रील

आमच्या नोएडाच्या बागेत एक गृहस्थ रोज सकाळी व्हायोलिनवर रील, म्हणजे आयर्लंडच्या नाचाच्या धुना, वाजवायचे. इस्त्रीची ऑफिसची पँट, खाली स्पोर्ट्स शूज आणि ताल धरणारा डावा बूट. मराठी आहेत, एवढं त्यांच्या फोनवरच्या बोलण्यावरून कळलं होतं.

एकदा मी म्हणालो, "छान वाजवता. पण रोज एकच धून?"

गज हवेतच थांबला. "एकच? अहो, बिल्कुल नाही! तीन वेगळ्या आहेत. तिघींची सुरुवात सारखी, पण उत्तरार्धात प्रत्येकीची वाट वेगळी."

पुरावा म्हणून त्यांनी पहिली सुरू केली. उत्तरार्धात बूट अडखळला, कपाळावर आठी आली.

"अच्छा... दुसरीत शिरलो," ते पुटपुटले. "नेहमीचंच आहे, यार. चुलतबहिणी ना, एकीकडे निघालं की दुसरी हात धरून आपल्या घरी नेते."

मी जाणकारासारखी मान हलवली. मला तर पहिली कुठे संपली तेही कळलं नव्हतं.

हल्ली ते दिसत नाहीत. परवा चहा गाळताना मी काहीतरी गुणगुणत होतो. बायको म्हणाली, "रोज एकच काय रे गुणगुणतोस?"

माझी गाळणी हवेतच थांबली.

"एकच?"